उष्टी भाकरी

सोलापूरच्या वेशीबाहेर मेंढरं राखणारा गुंडा वारला आणि त्याच्या खंड्या कुत्र्यानं अन्न सोडलं. गुंडाचा पुढचा एक दात पडलेला. तरी भाकरीचा पहिला घास तो दातानंच तोडायचा, मग ती उष्टी भाकरी खंड्याला द्यायचा.

त्याच्या बायकोनं, म्हाळसाबाईनं, तसंच करून पाहिलं. खंड्यानं तोंड फिरवलं.

“खा की रं. मीबी गिळतीयाच न्हवं?” ती म्हणाली.

पाचव्या दिवशी गिरणीचा दुपारचा भोंगा झाल्यावर तिनं अख्खी भाकरी गुंडाच्या घोंगडीवर ठेवली, खोपटाला कडी घातली आणि खंड्याला पाण्यावर नेलं.

परतून कडी काढली, तर भाकरी एका कडेनं चावलेली होती. चाव्याच्या मधोमध दाताएवढी पट्टी तशीच राहिली होती.

खंड्या शेपूट हलवत खाऊ लागला. म्हाळसाबाईनं परात ओढली आणि तिघांपुरतं पीठ घेतलं.