आधीचं शरीर

यंत्राचं झाकण उघडलं आणि शलाका उठून बसली. पोट सपाट झालं होतं. सिझेरियनचा व्रणसुद्धा दिसत नव्हता. लग्नातला ब्लाउज तिने मुद्दाम सोबत आणला होता. शिवणीतली सगळी माया उसवूनही जो दंडाला अडकायचा, तो आता चक्क सैल बसला. आरशासमोर ती स्वतःशीच हसली. आता नणंदेने "अजून उतरलं नाही का गं पोट?" असं विचारून दाखवावंच!

"पहिल्या बाळंतपणाआधी होतात, अगदी तश्शा झालात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चरबी गेली, व्रण गेले, मुलांच्या पेशीही काढल्या."

"मुलांच्या?"

"बाळ पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी आईच्या शरीरात उतरतात आणि वर्षानुवर्षं तिथेच जगतात. आधीचं शरीर हवं म्हटलं की त्याही काढाव्या लागतात. तुमच्यात मुलाच्याही होत्या आणि मुलीच्याही. मुलगी केवढी आहे हो?"

आरशातलं हसू जागच्या जागी थिजलं.

"ती ओजसच्या आधीची," शलाका कशीबशी म्हणाली. "बारशाआधीच गेली. नावसुद्धा ठेवलं नव्हतं."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला.

"त्या पेशी परत घाला ना."

"नाही हो घालता येत. काढल्या की लगेच नष्ट करतो आम्ही."

शलाकाने पोटावर हात दाबून धरला. हाताला काहीच लागत नव्हतं.

"म्हणजे आज सकाळपर्यंत ती होती?"