सेवाज्येष्ठता

मिसिसिपीच्या काठावर माझं छोटंसं हॉटेल आहे. देशाच्या पूर्वेकडची मोठी रेल्वे कंपनी आमच्या गावात संपते आणि पश्चिमेकडची इथूनच सुरू होते. वेंडेल पूर्वेच्या कंपनीत ड्रायव्हर, ओरिन पश्चिमेच्या. दोघंही एकटे, दोघांच्याही मिशा काळ्याभोर, आणि दोघांनीही मला लग्नाचं विचारलेलं. वय विचारलं की दोघंही पन्नास सांगायचे. मी कॉफी पाजून दोघांनाही वाटेला लावायची.

परवा बातमी आली, की दोन्ही कंपन्या एक व्हायच्या बेतात आहेत. म्हणजे सेवाज्येष्ठतेची यादीही एकच होणार, आणि जो वर त्याला दिवसपाळी. घोळ असा, की हे दोघं नोकरीला लागले एकाच तारखेला. अशा वेळी युनियनचा नियम आहे: वयानं मोठा तो वर.

“मग मीच वर,” ओरिन कॉफी ढवळत म्हणाला. “मला बासष्ट पूर्ण झाली.”

“बासष्टच? अरे पोरा, मी त्रेसष्टचा आहे,” वेंडेल म्हणाला. “जन्मदाखला आणून दाखवू?”

मग दोघांनाही एकदमच आठवलं, की काउंटरमागे मी उभी आहे. दोघांनीही माना खाली घातल्या.

मी वेंडेलचा कप पुन्हा भरला आणि विचारलं, “दिवसपाळीचा माणूस संध्याकाळी किती वाजता घरी येतो रे?”


दोन वर्षं मी दोघांना नाही म्हणत होते, ते केवळ दोघंही माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत या समजापायी.