हिरवा दिवा

डॉ. मृदुला अष्टपुत्रे न्यायालयात चित्रफिती तपासायच्या यंत्रापाशी उभ्या राहिल्या, तेव्हा आरोपी रेवण कोलते मान खाली घालून बाकावर बसला होता. बाईंनी तपासलेल्या चित्रफितीत तो गोदाम पेटवताना दिसत होता. माणसांच्या साक्षी कायद्यानं बंद झाल्यापासून तेवढा पुरावा पुरेसा होता.

बचावाचे वकील गणाचारी उठले. "बाई, आता ही दुसरी फीत तपासा. इथंच, सगळ्यांसमोर."

पडद्यावर तेच गोदाम होतं, आणि रेवणमागे रॉकेलचा डबा घेऊन स्वतः मृदुलाबाई उभ्या होत्या. गोदाम पेटलं त्या संध्याकाळी त्या इस्पितळात आईच्या उशाशी होत्या. त्यांनी सावल्या तपासल्या, एकेक ठिपका पाहिला. कुठंच खोट सापडेना. यंत्रावर खरेपणाचा हिरवा दिवा लागला.

"ही बनावट आहे, साहेब! माझी चाचणीच चुकतेय. पहिली फीतही खोटी असू शकते. मी तिथं नव्हतेच, आईला विचारा!"

"माणसाची साक्ष चालत नाही," न्यायाधीश म्हणाले. "तो कायदा व्हावा म्हणून तुम्हीच झटला होतात."

गणाचारींचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेब, ही फीत मीच बनवली. चाचणी फसते, एवढंच दाखवायचं होतं मला."

"वकीलसाहेब, हीसुद्धा साक्षच झाली."

न्यायाधीशांनी खूण केली. महिला पोलिसानं बाईंचा दंड धरून त्यांना आरोपीच्या बाकापाशी नेलं. रेवणनं पहिल्यांदाच वर पाहिलं आणि सरकून त्यांना जागा करून दिली.