पाचवा ब्रश

पाहणीला आलेल्या बाईंनी घरातली माणसं मोजलीच नाहीत. चपला दाराशी काढल्या, पुढे केलेल्या खुर्चीकडे पाहिलंही नाही, आणि थेट बेसिनपाशी जाऊन पेल्यातले दात घासायचे ब्रश मोजले.

"पाच," त्या म्हणाल्या. "अर्जातही पाचच आहेत."

आई धाकटीची वेणी घालत होती. विद्यापीठाची फी सरकारनं भरावी म्हणून थोरलीनं दीड महिन्यापूर्वी अर्ज केला होता. घरी पाहणीला कोणीतरी येईल, असं पत्रही आलं होतं. पण मधल्या दिवसांत ते सगळ्यांच्याच डोक्यातून गेलं होतं.

"माणसांचं काय हो ताई, माणसं उसनी मिळतात," बाई म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात एका घरी आजी म्हणून बसलेल्या बाईंना विचारलं, नातवाचं नाव काय? तर म्हणाल्या, कुठल्या? म्हटलं, ज्याच्या फीसाठी तुम्हाला इथं आणून बसवलंय ना, त्याच्या."

थोरली हसली. आईनंही हसल्यासारखं केलं.

बोलता बोलता बाईंनी पाचही ब्रशांवरून अंगठा फिरवला. सकाळचे आठ वाजले होते. चार ब्रश ओले होते. पाचवा खडखडीत कोरडा.

त्या थांबल्या. अंगठा पदराला पुसला.

"एक सांगून ठेवते, म्हणजे मागाहून घोळ नको. घरातली मिळकत भागिले घरातली माणसं, एवढाच हिशेब असतो आमचा. तुमच्याकडे पाच माणसं असली तर तुम्ही मर्यादेच्या आत. मुलीची सगळी फी सरकार भरणार. चार झाली तर थोडक्यात बाहेर. मग काहीच नाही. अर्धीमुर्धी सवलत असा प्रकार नाही आमच्यात."



मुलींच्या आजोबांना, आबांना, जाऊन नऊ दिवस झाले होते. अर्ज भरताना ते थोरलीच्या शेजारी बसले होते, अक्षर नीट काढ म्हणून तिच्या मागे लागले होते. नऊ दिवसांत त्यांचं अंथरूण निघालं, उरलेली औषधं दुकानात परत गेली, चष्मा कोणीतरी मागून नेला. ब्रश तेवढा राहिला. पेल्यात हात घालताना तो रोज दिसायचा आणि कोणालाच दिसायचा नाही.

"हा कोरडा कोणाचा?" बाईंनी विचारलं.

धाकटीनं तोंड उघडलं. आईनं वेणी जराशी ओढली.

"माझ्या सासऱ्यांचा. लेकीकडे गेलेत."

"ब्रश न घेता?"

 आईच्या हातात वेणीचे तीन पेड होते आणि आता कुठला कुठल्यावरून घ्यायचा ते आठवेना.

"आत्याकडे त्यांचा दुसरा आहे," थोरली म्हणाली.

आईनं वळून पाहिलं. लहानपणी पाढे म्हणून दाखवताना थोरली अशीच उभी राहायची. हात मागे, मान ताठ, एकही आकडा न चुकवता. आपल्याला आत्ता काहीतरी वाटायला हवं, असं आईला वाटलं. लाज, नाहीतर राग. पण आबा गेल्यापासून तिला भाजीतलं मीठसुद्धा कळत नव्हतं. ती पुन्हा वेणीकडे वळली.

बाईंनी कागदावर पाचचा आकडा लिहिला, सही केली, थोरलीचीही सही घेतली. दाराशी चपला घालताना त्यांनी मागे न बघताच सांगितलं, "महिन्याभरात एकदा दुसऱ्या बाई येतील. न कळवता. त्याही आधी बेसिनपाशीच जातात, अंगठा फिरवून बघतात. मीच शिकवलंय त्यांना." मग चपलेचा पट्टा लावत म्हणाल्या, "तोवर येतील ना परत, लेकीकडून?"

"येतील," आई म्हणाली.

वडिलांचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं. ते संध्याकाळी आल्यावर आईनं त्यांना सगळं सांगितलं. कोरड्या ब्रशाचं, आत्याचं, महिन्याभरात येणाऱ्या दुसऱ्या बाईंचं. वडील नखांत अडकलेला पितळेचा कीस काढत ऐकत होते.

"पाच लिहिलं?"

"पाच."

"बरं," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं दात घासले. पेल्यात ब्रश ठेवताना ती घुटमळली. मागे कोणी नाही असं पाहून तिनं आबांचा ब्रश उचलला आणि नळाखाली धरायला गेली.

तो ओला होता.

वडील आरशासमोर भांग पाडत होते. पाडलेला भांग त्यांनी मोडला आणि पुन्हा पाडायला घेतला. थोरली पाठमोरी बसून बॅग भरत होती. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. आईनं ब्रश पेल्यात ठेवून दिला.

त्यानंतर ब्रश रोज सकाळी ओला असायचा. कोण करतं हे कोणी विचारलं नाही. कदाचित तिघंही करत असतील.

पाचव्या की सहाव्या दिवशी धाकटी बेसिनपाशी बराच वेळ उभी राहिली. तिनं आपला ब्रश धुतला, झटकला, ठेवला. मग आबांचा घेतला, नळाखाली धरला, आणि तो तसाच हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात आली. ब्रशातून फरशीवर थेंब पडत होते.

"आई, याला पेस्टपण लावायची का?"

आईनं गॅस बारीक केला.

"थोडीशी लाव," ती म्हणाली.