अन्वरचा प्रश्न

दौंडला इंजिन बदलेपर्यंत गाडी वीस मिनिटं थांबते. तेवढ्यात फौजेतल्या जुन्या साहेबांना भिमाजीची सही हवी होती.

तार मिळाली म्हणून भिमाजी शिरूरहून सकाळच्या यस्टीनं आला होता. लढाई संपून दोन वर्षं झाली होती. फौज सोडून तो कचेरीत कारकून म्हणून लागला होता. साहेब अजून त्याच खात्यात होते, गुप्त बातम्यांच्या. फलाटावरच्या बाकावर बसून त्यांनी टाइप केलेला कागद पुढं केला.

"ढाक्याहून विचारणा आलीय. कोमिल्ल्यातल्या घरावर छापा पडणार, हे आपल्याला आधी कळलं होतं का? अन्वरनं विचारलंय."

एकाहत्तर साली आगरतळ्याच्या एका झोपडीत अन्वर आणि भिमाजी सात महिने शेजारी बसून शत्रूचा, पाकिस्तानी फौजेचा, वायरलेस ऐकत होते. अन्वर बांगलादेशच्या मुक्तिवाल्यांचा, भिमाजी आपल्या फौजेचा. जेवायला ताट एकच. कोमिल्ल्यातल्या त्या घरात अन्वरचा थोरला भाऊ आणि त्याचे चार साथीदार लपले होते. छाप्यात पाचही गेले.

भिमाजीनं कागद वाचला. 'शत्रूचा संदेश मिळाला होता, परंतु त्याचा अर्थ छाप्यानंतर लागला.'

"साहेब, अर्थ तर आदल्या दिशी दुपारीच लागला व्हता. मीच लावला, आन् तुमच्या हातात दिला."

"आणि मी दाबला. ते घर रिकामं झालं असतं, तर आपण त्यांचे संदेश वाचतोय हे शत्रूला कळलं असतं. मग आपली किती माणसं गेली असती?"

"ठावं हाय. म्हून तवा मी बी गप बसलो. अन्वर शेजारीच व्हता, साहेब. च्या पीत."

"गुप्ततेची शपथ पाळलीस. आता एवढंही पाळ. खरं कळलं तर ढाक्याचे लोक आपल्यावर परत विश्वास ठेवणार नाहीत."

नवं इंजिन डब्यांना लागलं. नाही म्हणावं, असं भिमाजीला फार वाटलं. पण मग त्या दुपारी का बोलला नाहीस, हे अन्वर विचारणारच होता. त्यानं सही केली.

कागद घेऊन साहेब डब्यात चढले. खिडकीतून, जरा खाली बघत म्हणाले, "आता चौकशी थांबेल. अन्वरनंच लिहिलंय, भिमाजी सांगेल ते मी खरं मानीन."

गाडी हलली.

"साहेब, कागद द्या माघारी!" भिमाजीनं खिडकीचा गज घट्ट धरला आणि गाडीबरोबर धावू लागला.

साहेबांनी आतून त्याची बोटं एकेक करून सोडवली. अगदी हळुवार, तो पडू नये म्हणून.