सुई उडायची ती जागा

लेक डीजे. येत्या शनिवारी तिला आईबाबांच्या तरुणपणी क्लबात वाजणारी गाणी वाजवायची होती, म्हणून जुन्या बाजारातून तिने एक रेकॉर्ड शोधून आणली. चाळीस वर्षांची, पण अंगावर एक ओरखडा नाही. ती लावून तिने आवाज मोठा केला.

आईबाबा तिथेच धुतलेली चादर दोन टोकांना धरून घडी घालत होते.

"काय हा धांगडधिंगा!" बाबा म्हणाले. "आम्ही क्लबाची पायरीसुद्धा चढलो नाही कधी."

"मी तर नाहीच नाही," आई म्हणाली.

दुसरं कडवं संपलं. गाणं सरळ पुढे चाललं होतं; पण चादरीच्या दोन्ही टोकांना दोघांनी एकाच क्षणी डावीकडे टुणकन उडी मारली आणि ठेका चुकून दोघंही थांबली.

"इथे सुई उडायची," बाबांच्या तोंडून निसटलं.

"तिथल्या रेकॉर्डवर ओरखडाच केवढा होता तो!" आई म्हणाली आणि तिने जीभ चावली.

लेकीने गाणं बंद केलं. "पण तुमचं लग्न तर आत्याने जमवलं ना? त्याआधी तुम्ही एकमेकांना पाहिलंही नव्हतं ना?"

बाबा एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. आईने चादरीची शेवटची घडी घातली. मग ती म्हणाली,

"हे बघ, आत्यापुढे यातलं अक्षर काढू नकोस. ही जोडी आपण कशी हेरली, ते बिचारी अजून सगळ्यांना सांगत फिरते."