तिसरा धपाटा

"बाबा, खरं सांगा हं. तुम्ही सुईला घाबरता का?"

भोंगीने एका दमात विचारून टाकलं. मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी पैजच लावली होती, हिंमत असेल तर विचारून दाखव म्हणून. तिचा आवाज तीन वर्गांपलीकडे जायचा, त्यावरूनच हे नाव पडलेलं. हा एक प्रश्न मात्र तिने दहा दिवस गिळून ठेवला होता.

बाबा बेसिनशी हात धूत होते. ते गुरांचे डॉक्टर. आज बेचाळीस गायी आणि एक वळू टोचून आले होते. बाह्यांवर अजून शेणाचे शिंतोडे होते.

"मी? सुईला?" ते इतक्या जोरात हसले की साबण हातातून निसटला. "अगं, आजचा वळू चार जणांना आवरत नव्हता!"

"मग तो डबा दहा दिवस फ्रिजवर का बसलाय?"

हसू थांबलं. बाबा बराच वेळ साबण शोधत राहिले.

डब्यात भोंगीच्या मधुमेहासाठी दोन सेन्सर आले होते. दंडाच्या मागे एकदा लावला की चौदा दिवस रक्तातली साखर मोबाइलवर दिसणार, सारखी बोटं टोचत बसायला नको. पहिला बाबांनी सराव म्हणून सोफ्याच्या उशीला लावला आणि उशीला अजिबात दुखलं नाही, असं जाहीरही केलं. दुसरा तेव्हापासून फ्रिजवर. भोंगी इन्सुलिन रोज गप्पा मारता मारता टोचून घ्यायची (तेव्हा बाबांना नेमकं खिडकीबाहेर काहीतरी दिसायचं), पण सेन्सर दंडात बसवायच्या पांढऱ्या यंत्राची सुई त्याच्या पोटात दडलेली. दिसत नव्हती म्हणूनच ती भोंगीच्या मनात वाढत वाढत स्वेटर विणायच्या सुईएवढी झाली होती. फ्रिजकडे ती पाण्याला जायची आणि तहानलेलीच परत यायची.

आणि उद्या सकाळी सहल. दोन रात्रींचा मुक्काम. सेन्सर असला तर साखर घसरताच मोबाइल ओरडेल. नसला तर रात्री साखर तपासायला आई सोबत येईल. आईची बॅग भरून दाराशी तयारच होती. आत टॉर्च, ग्लुकोजचे तीन डबे आणि फुलाफुलांचा गाऊन. तो गाऊन घालून आई रात्री तीन वाजता चौदा झोपलेल्या मुलींमधून टॉर्च मारत येणार, या विचारानेच भोंगी डोक्यावरून पांघरूण ओढून घ्यायची.

"आण तो डबा," बाबा म्हणाले.

तिघं जेवणाच्या टेबलाशी बसली. आईने भोंगीचा दंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा पुसायला लागली.

"आई, रंग जाईल माझा!"

"आता नीट ऐक," बाबांनी यंत्र मुठीत धरलं. "गायीला एकदम सुई टोचली तर ती लाथ घालते. म्हणून आधी मुठीच्या कडेने मानेवर धपाटे घालायचे. एक, दोन. दोन्ही रिकामे. तिला वाटतं, हा माणूस नुसता धपाटेच घालतोय. तिसऱ्याला सुई आत. तिला पत्ताही लागत नाही."

"म्हणजे मी गाय?"

"गाय गरीब असते," आई म्हणाली.

बाबांनी धपाटा घातला. एक. दोन. तिसरा काही येईना. मूठ दंडापासून वीतभर लांबच अडकली होती.

"थांब हं, पहिल्यापासून घेऊ." एक. दोन. "आणखी एकदा."

सहा रिकामे धपाटे खाऊन भोंगीचा दंड लाल झाला.

"अहो, गायीलाही असंच करता?" आईने विचारलं. तिने डोळे कधीच मिटून घेतले होते.

"गाय मला बाबा म्हणत नाही," बाबा पुटपुटले.

भोंगीने मान वळवून पाहिलं. वळूला न डगमगणाऱ्या माणसाच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लोंबत होता.

"द्या इकडे."

"अगं, तुला जमायचं नाही."

"तुम्हाला जमतंय?"

तिने यंत्र उजव्या मुठीत घेतलं, डावा हात डोक्यावर ठेवला. एक धपाटा. दोन. इथे तिचाही हात अडकला. जाऊ दे, येऊ दे आईला सहलीला, असं वाटून गेलं. तेवढ्यात दाराशी नजर गेली. बॅगेच्या चेनमधून गाऊनचं एक गुलाबी फूल बाहेर डोकावत होतं.

तिसरा.

टक्.

दात आवळून ती दुखण्याची वाट बघत बसली. बराच वेळ बसली. डास चावल्याइतकं काहीतरी येऊन गेलं होतं, बस्स.

"झालं?" आईने डोळे न उघडताच विचारलं.

"झालं!"

आणि धाडकन आवाज झाला. बाबा खुर्चीसकट आडवे झाले होते.

दोघींनी त्यांना धरून सोफ्यावर नेलं. आई वर्तमानपत्राने वारा घालू लागली. डोक्याखाली नेमकी तीच उशी होती; तिच्या कोपऱ्यात पहिला सेन्सर अजून घट्ट चिकटलेला.

"लागला का गं नीट?" बाबांनी बारीक आवाजात विचारलं.

भोंगी उठली. ती दाराशी गेली, आईच्या बॅगेतून टॉर्च आणि गाऊन काढला आणि दोन्ही आईच्या मांडीवर आणून ठेवले.

"सहलीला मी एकटी जाणार आहे," तिने खालच्या मजल्यालाही कळेल अशा आवाजात जाहीर केलं. "आई, तू घरीच थांब. रात्री तीनला उठून बाबांना बघायला कोणीतरी हवं."